सलोख्याच्या अभ्यासात करिअर: पदवी कोणती, वाट कोणती?

‘धर्माधर्मांतला संवाद, समाजातली तेढ आणि सलोखा या विषयात पुढे शिकायचंय. पण कुठे जायचं, आणि शिकून पोट भरेल का?’ हा प्रश्न बी.ए.च्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली विचारतात, गावपातळीवर काम करणारे तरुण विचारतात, सेमिनरीत किंवा मदरशात शिकलेलेही विचारतात. पालकांचा प्रश्न त्याहून थेट असतो: ‘असा काही विषय तरी आहे का?’

विषय आहे. नॉर्वेत ओस्लोला १९५९ मध्ये योहान गाल्टुंग यांनी शांतता संशोधनाची संस्था सुरू केली, इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात १९७३ पासून या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि आपल्याकडे प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असलेल्या नेट परीक्षेच्या यादीतही तो आहे. मात्र महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ‘शांतता अभ्यासाचा प्राध्यापक पाहिजे’ अशी जाहिरात सहसा निघत नाही. घोळ होतो तो इथे. म्हणून मुख्य सल्ला आधीच सांगते: पदवी पायाच्या विषयात घ्या, संशोधन सलोख्यावर करा आणि संशोधनाचं क्षेत्र शक्यतो आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे अहिल्यानगरात (पूर्वीचं अहमदनगर, बोलण्यात नगर), शोधा. हे कसं करायचं ते टप्प्याटप्प्याने पाहू.

१. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा

- तुम्हाला शिकवायचंय की मिटवायचंय? वर्गात शिकवणं, ग्रंथ लिहिणं हे अभ्यासकाचं काम. दोन गटांना एका सतरंजीवर बसवणं हे मध्यस्थाचं. सुशोभा बर्वे यांनी मुंबईतल्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर मोहल्ला समित्यांचं काम केलं, त्यासाठी प्राध्यापकी लागली नाही. तुमचा ओढा दुसऱ्या कामाकडे असेल तर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं खर्च करण्याआधी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी पुरेल का, ते पाहा.
- स्थिर नोकरीसाठी किती वर्षं थांबता येईल? पदव्युत्तर पदवी, नेट, पीएच.डी. आणि त्यानंतरची भरतीची वाट धरली तर आठ-दहा वर्षं सहज जातात. घरी हे आजच स्पष्ट बोला.
- ज्यांच्याशी मतभेद आहे त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेता येतं का? याचं उत्तर ‘नाही’ असेल तर हे क्षेत्र तुम्हाला जड जाईल, गुण कितीही चांगले असोत.

२. पदवी: पायाचा विषय सोडू नका

सहायक प्राध्यापकाचं पद जाहिरातीत विषयाच्या नावाने येतं: इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मराठी, समाजकार्य. उमेदवाराची पदव्युत्तर पदवी त्या किंवा संबंधित विषयात, किमान ५५ टक्के गुणांनी असावी लागते (आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे). ‘संबंधित’ या एका शब्दावर मुलाखतीच्या टप्प्यावर अर्ज बाद होतात. म्हणून:

- बी.ए. पूर्ण होत असेल तर एम.ए. पायाच्या विषयात करा. अहिल्यानगर जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेलं अहमदनगर महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. समाजकार्याकडे जायचं असेल तर नगरमध्येच सीएसआरडी ही समाजकार्य व संशोधन संस्था आहे.
- शांतता अभ्यासाची पदवीही हवी असेल तर ती जोडपदवी म्हणून घ्या. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं ‘गांधी आणि शांतता अभ्यास’ या विषयातलं एम.ए. दूरशिक्षणाने, नोकरी किंवा शेती सांभाळून करता येतं.
- पूर्णवेळ तोच विषय शिकायचा असेल तर वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात गांधी व शांतता अध्ययनाचा विभाग आहे. दिल्लीत जामिया मिल्लियाच्या नेल्सन मंडेला केंद्रात संघर्ष विश्लेषण व शांतता निर्माण या विषयात एम.ए. आहे, आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात गांधीवादी व शांतता अभ्यासाचा विभाग आहे.
- आंतरधर्मीय संवादाचं छोटं प्रशिक्षण हवं असेल तर हैदराबादची हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट पाहा. १९३० मध्ये लाहोरला सुरू झालेली ही संस्था आज आंतरधर्मीय संबंध आणि सलोख्यावर काम करते. असगर अली इंजिनियर यांनी १९९३ मध्ये मुंबईत सुरू केलेलं समाज व धर्मनिरपेक्षता अभ्यास केंद्रही प्रशिक्षणं घेतं.

३. नेट आणि सेट: विषय निवडताना फसू नका

नेटच्या यादीत आपल्या कामाचे दोन विषय आहेत: ‘बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अभ्यास’ आणि ‘धर्मांचा तुलनात्मक अभ्यास’. नावं वाचून अनेकजण लगेच अर्ज भरतात. थोडं थांबा.

- ज्या विषयात नोकरी मागायची आहे, पहिली नेट त्याच विषयात द्या. शांतता अभ्यासाची नेट नंतर देता येते.
- नेटचा पेपर हिंदी-इंग्रजीत असतो. महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेते आणि तिथे अनेक विषयांना मराठी माध्यमाची सोय आहे. आपला विषय सेटच्या यादीत आहे का, हे अर्जाआधी पाहा.
- नेटमध्ये दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास असतात. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडू नका.
- संशोधनासाठीच्या जेआरएफ फेलोशिपसाठी साधारण वयोमर्यादा ३० वर्षं आहे. महिला आणि आरक्षित प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत मिळते.
- विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) जुलै २०२३ च्या बदलानंतर सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. आधी परीक्षा, मग प्रबंध, हा क्रम त्यामुळे शहाणपणाचा ठरतो.
- एम.फिल. आता बंद झालं आहे. ते ‘करून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

४. पीएच.डी.चा विषय: तो तुमच्या तालुक्यात आहे

या क्षेत्रातले बहुतेक ग्रंथ उत्तर आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, रवांडा यांच्याबद्दल बोलतात. ते जरूर वाचा. पण तुमचा प्रबंध वजनदार होईल तो तुम्हाला माहीत असलेल्या मातीवर, तुम्हाला येत असलेल्या भाषेत. त्या दृष्टीने हा जिल्हा फार श्रीमंत आहे.

- श्रीगोंदा. ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद हे मराठीतले मोठे मुस्लिम संतकवी. वारकरी त्यांना मानतात. अलीकडे त्यांच्याच स्थानाच्या जीर्णोद्धारावरून गावात वाद झाला. इतिहास किंवा मराठीच्या विद्यार्थ्याने विचारावं: शतकानुशतकं दोन्ही बाजूंनी मानलेलं स्थान कोणत्या टप्प्यावर मालकीचा प्रश्न बनतं?
- मढी (ता. पाथर्डी). कानिफनाथांचं हे स्थान भटक्यांची पंढरी म्हणून ओळखलं जातं. इथे मुस्लिम परंपराही त्यांना शाह रमजान नावाने ओळखते. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथल्या ग्रामसभेने यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना मज्जाव करणारा ठराव केला आणि तो राज्यभर गाजला. यात्रेतला मानपान, बाजार आणि रोजगार यांचा अभ्यास समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने करावा.
- शिर्डी (ता. राहाता). १९१८ मध्ये समाधिस्थ झालेले साईबाबा राहत ती द्वारकामाई मशीद आहे, आणि रामनवमीच्या उत्सवाची नाळ उरुसाशी जुळलेली आहे. फकिराचं गाव मोठं देवस्थान झाल्यावर या मिश्र वारशाचं काय होतं?
- नगर शहर. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथे काम सुरू केलं आणि ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथूनच निघालं. रेव्हरंड ना. वा. टिळक यांची मोठी कारकीर्द याच शहराशी जोडलेली आहे. धर्मांतराने तुटलेलं घर पुन्हा कसं सांधलं गेलं, याची सविस्तर आणि प्रांजळ नोंद लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतकी क्वचितच सापडते. सलोख्याच्या अभ्यासकाने ते पुस्तक साधन म्हणून वाचावं.
- हरेगाव आणि मेहेराबाद. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरमधल्या मतमाउलीच्या यात्रेला ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदूही येतात. अरणगावजवळ मेहेरबाबांच्या समाधीवर देशोदेशीचे भाविक येतात. दोन्ही जागांचं समाजशास्त्र अजून लिहायचं आहे.
- जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात दलित समाजातल्या, अक्षरओळख नसलेल्या बायकाही आरोग्य सेविका झाल्या. ज्या घरांत त्यांना प्रवेश नव्हता तिथे त्या बाळंतपणं करू लागल्या. व्यासपीठावरच्या संवादाइतकाच हाही संवाद आहे. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगला विषय मिळणं कठीण.
- सोनई, खर्डा, कोपर्डी. २०१३, २०१४ आणि २०१६ या वर्षांत या तीन गावांत घडलेल्या हत्यांनी जिल्ह्यातले जातीसंबंध हादरले. सलोख्याचा अभ्यास फक्त दर्ग्या-देवळांचा नसतो. न्याय झाला नाही तर सलोखा कशावर उभा करायचा, हा या विषयाचा गाभ्याचा प्रश्न आहे आणि तो इथे उघडा पडतो.
- तंटामुक्त गाव मोहीम. २००७ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या मोहिमेतल्या समित्यांनी कोणाचे तंटे मिटवले आणि कोणाला गप्प बसवलं? राज्यशास्त्रासाठी हा विषय हाताशी आहे.

विषय लहान करा. ‘जिल्ह्यातील धार्मिक सलोखा: एक अभ्यास’ असं शीर्षक घेतलं तर प्रबंध माहितीचा ढीग होतो. ‘मढी यात्रेतील मानकरी आणि व्यापारी: १९९० नंतरचे बदल’ असं घेतलं तर गाव, काळ आणि प्रश्न तिन्ही ठरतात.

साधनांची भाषा आधी शिका. जुनी कागदपत्रं मोडीत आहेत, दर्ग्यांची उर्दू-फारसीत, मिशनची इंग्रजीत. अमेरिकन मिशनच्या पत्रांचा मोठा संग्रह हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ ही जवळची ठिकाणं. एम.ए. करतानाच मोडी किंवा उर्दू शिकून घेतलीत तर प्रवेशाच्या मुलाखतीत तुमचं पारडं जड राहील.

५. प्रवेशाच्या वेळी हे तपासा

- मार्गदर्शकाकडे जागा आहे का? सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठ संशोधक घेता येतात. तोंडी आश्वासनावर वर्ष घालवू नका, संशोधन केंद्राच्या यादीत रिक्त जागा पाहा.
- प्रवेश कशावर? नेटच्या गुणांवर की विद्यापीठाच्या पेट परीक्षेवर, हे त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात.
- मुदत. किमान तीन, कमाल सहा वर्षं. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना दोन वर्षं जादा मिळतात. २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजेचा हक्क आहे. तो मागताना संकोच नको.
- पैसे घेऊन लेख छापणारी नियतकालिकं टाळा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधासाठी लेख छापण्याची सक्ती नाही. चांगला एक लेख पुरे.

६. गावात उतरताना

या विषयात चुकीची किंमत तुमच्याआधी दुसरा कोणीतरी मोजतो. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. अशा गावात कोण कोणाशी बोललं, ही साधी गोष्टही जोखमीची असते.

- मुलाखतीआधी हेतू सांगा, संमती घ्या, आणि नको म्हणण्याचा हक्क समोरच्याला आहे हे स्पष्ट बोला.
- नावं, घरांच्या खुणा, फोटो प्रबंधात देऊ नका. लहान गावात ‘माजी सरपंचांची सून’ एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो.
- दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्या आणि एकाच बाजूच्या घरी मुक्काम करू नका.
- खटला चालू असलेल्या प्रकरणात साक्षीदारांच्या मुलाखती घेण्याआधी मार्गदर्शक आणि वकिलाचा सल्ला घ्या.
- १९९१ चा प्रार्थनास्थळ कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि भारतीय न्याय संहितेतली तेढ पसरवण्यासंबंधीची १९६ व धार्मिक भावना दुखावण्यासंबंधीची २९९ ही कलमं वाचून ठेवा. कोणाचं द्वेषाचं बोलणं उद्धृत करताना ते अवतरण आहे हे वाचकाला पहिल्या नजरेत कळलं पाहिजे.
- सरकारी नोंदी हव्या असतील तर माहिती अधिकार वापरा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तपासाला बाधा येईल अशी माहिती नाकारली जाऊ शकते, म्हणून आकडेवारी आणि जुनी इतिवृत्तं आधी मागा.
- ऐन तणावात गावात जाऊ नका. तुमच्या अभ्यासाला सहा महिने थांबता येतं.

७. पैशाची सोय

- जेआरएफ: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये आणि नियमांनुसार घरभाडे भत्ता.
- राज्याच्या संस्था: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती, अनुसूचित जमातींसाठी टीआरटीआय. जागा आणि अटी दरवर्षी बदलतात. जातवैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.
- आयसीएसएसआर: ही केंद्राची सामाजिक विज्ञान संशोधन परिषद सामाजिक शास्त्रांतल्या डॉक्टरेटसाठी शिष्यवृत्ती देते. जेआरएफ न मिळालेल्यांनी ही वाट सोडू नये.
- जुनी माहिती तपासा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद आहे, तरी अनेक पुस्तिकांत ती अजून छापलेली दिसते.
- एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. लपवल्यास रक्कम परत करावी लागते.

८. परदेशी जायचं असेल तर

रोटरी पीस फेलोशिप या विषयासाठीच आहे आणि शिक्षण, राहणं, प्रवास असा सगळा खर्च उचलते. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि आपल्या देशाबाहेर शिकावं लागतं. रोटरीचे सदस्य आणि त्यांची मुलं-नातवंडं अपात्र असतात, हे अर्ज भरण्याआधी पाहा. अनुभवाची अट असल्याने एम.ए. होताच अर्ज करण्याची घाई नको. जिल्ह्यातल्या एखाद्या संस्थेत तीन वर्षं नेटाने काम करा, त्याचा लेखी दाखला घ्या आणि मग अर्ज करा.

एक खड्डा अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांनी आधीच ओळखावा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले आहेत. मढीवर किंवा खर्ड्यावर परदेशात प्रबंध करायचा असेल तर ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि त्या विद्यापीठाची स्वतःची मदत तपासा.

परदेशातल्या पदवीची समकक्षता आता यूजीसी २०२५ च्या नियमांनुसार ठरवते. प्रवेश घेण्याआधी ते नियम वाचा.

९. धर्मशिक्षण घेतलेल्यांसाठी

तुमच्याकडे ग्रंथांचं ज्ञान आणि लोकांचा विश्वास आहे. या क्षेत्रात ते मोठं भांडवल आहे. पण सेमिनरीच्या बी.डी.वर राज्य विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळेलच असं गृहीत धरू नका, विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून लेखी उत्तर घ्या. जामिया, अलीगढ आणि हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ ठरावीक मदरशांचे दाखले प्रवेशासाठी मान्य करतात, त्यांची यादी पाहा. उत्तर नकारार्थी आलं तर मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून पुढे जा. त्यात तीन वर्षं जातील, पण पुढचे सगळे दरवाजे उघडतील.

१०. नोकरी: डोळे उघडे ठेवून

- सुरुवात बहुधा तासिका तत्त्वावर होते. मिळकत तुटपुंजी आणि उन्हाळ्यात शून्य. नेमणुकीचं पत्र, तासांची नोंद आणि अनुभवाचा दाखला दरवर्षी मागून घ्या.
- कायम पदासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. माणसामाणसांत विश्वास कसा बसतो हे शिकवणाऱ्याने आपली नोकरी विकत घ्यायची नसते.
- प्राध्यापकीशिवायही वाटा आहेत: स्वयंसेवी संस्थांतलं संशोधन, पत्रकारिता, शाळांसाठी अभ्याससाहित्य, न्यायालयीन मध्यस्थी केंद्रांशी जोडलेलं काम. यांचा अनुभव पुढे विद्यापीठातही उपयोगी पडतो.

११. तुमचे हक्क

- मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही.
- यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठाला लोकपाल असायलाच हवा. तक्रार लेखी करा, पोच घ्या.
- लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि संशोधक विद्यार्थिनीही तिच्या कक्षेत येतात.
- जात किंवा धर्मावरून मार्गदर्शकाकडून भेदभाव झाला तर मार्गदर्शक बदलून मागा. त्याने तुमचं संशोधन संपत नाही.

या वर्षी काय कराल?

पहिल्या तिमाहीत पायाचा विषय पक्का करा आणि त्याच विषयाच्या नेट-सेटचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. दुसऱ्या तिमाहीत मोडी किंवा उर्दूचा वर्ग लावा. या सगळ्याच्या जोडीला आपल्या तालुक्यातली एक यात्रा, एक उरूस किंवा एक जुना तंटा निवडा आणि दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलून वीस पानं लिहा. ती पानं घेऊन मार्गदर्शकाकडे जा. रिकाम्या हाताने आलेल्या दहा अर्जदारांपेक्षा तुमचं म्हणणं ते लक्ष देऊन ऐकतील.

पालकांनाही एक विनंती. मुलाने किंवा मुलीने हा विषय निवडला म्हणून निराश होऊ नका, फक्त पायाची पदवी आणि नेट पक्की करण्याचा आग्रह धरा. मढी, श्रीगोंदा आणि कोपर्डीवर बाहेरून येऊन बोलणारे पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंचं ऐकून, पुरावे तपासून, निर्भयपणे लिहिणारे अभ्यासक या जिल्ह्याला आता घरातूनच हवे आहेत. तुमची तयारी असेल तर पुढच्या प्रवेशाची जाहिरात येईपर्यंत थांबू नका, ती वीस पानं या महिन्यातच लिहायला घ्या.